बिऱ्हाड कोणाच्या पाठीवर? : तंबू आणि स्लीपिंग बॅग यांच्या परीक्षांचा इतिहास

आमच्या मराठी विभागातर्फे दरवर्षी डिसेंबरात पदव्युत्तर वर्गाची एक पायी सहल निघते. एखादा गड, एखादी लेणी, वाटेतील एखादे देऊळ पाहावे आणि रात्री उघड्यावर बसून वाचन-चर्चा करावी, असा तिचा बेत असतो. काही वर्षांपूर्वी विभागाने या सहलीसाठी सहा तंबू आणि वीस स्लीपिंग बॅगा विकत घेतल्या. निधी तुटपुंजा होता, त्यामुळे बाजारात जे सर्वांत स्वस्त मिळाले तेच घेणे भाग होते. सामान आले त्या दिवशी आम्ही विभागाच्या खोलीतील टेबले भिंतीला सारून एक तंबू उभा केला. तो झोकात उभा राहिला. आमच्यापैकी एकाने पंख्याखाली स्लीपिंग बॅगेत शिरून, आत चांगलेच उकडते आहे, अशी साक्ष दिली. परीक्षा झाली असे मानून आम्ही पावती फाईलला लावली.

त्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर आमच्या परीक्षेची परीक्षा झाली. पहाटे तंबूंचे कापड आतून ओलेचिंब होते. पाऊस नव्हता, तरी तंबू गळतो असाच आमचा समज झाला. स्लीपिंग बॅगांवर 'पाच अंश' असा आकडा छापलेला होता आणि त्या रात्री पारा तेवढा उतरलाही नसावा. तरीही पहिल्या वर्षातील एक किरकोळ बांध्याची विद्यार्थिनी मध्यरात्रीपासून गुडघे पोटाशी घेऊन बसून होती. सकाळी चहा घेताना तिचे हात थरथरत होते. आम्ही विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, "सर, पिशवीवर पाच अंश लिहिलंय. पण ते कोणाच्या अंगाला?"

या प्रश्नाला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले, की तंबू आणि स्लीपिंग बॅग यांच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारला गेला आहे. तंबू हलका आहे असे म्हटले, की विचारावे लागते : कोणाच्या पाठीला? बिछाना उबदार आहे असे म्हटले, की विचारावे लागते : कोणाच्या देहाला? आणि वस्तू स्वस्त आहे असे म्हटले, की विचारावे लागते : कोणाच्या खिशाला? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने हा इतिहास पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे. त्यातील बरीचशी साधने प्रवासवर्णने आहेत. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये.

१. पाठ

एडवर्ड व्हिम्पर हा लंडनचा लाकूड-कोरक चित्रकार. आल्प्स पर्वताची चित्रे काढण्याच्या कामगिरीवर तो १८६० मध्ये तिकडे गेला आणि मॅटरहॉर्न शिखराच्या नादी लागला. १८६५ मध्ये त्या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या सात जणांत तो होता. उतरताना त्यांतील चौघे मृत्युमुखी पडले. त्याचे 'स्क्रॅम्बल्स अमंगस्ट द आल्प्स' हे १८७१ चे पुस्तक या शोकांतिकेसाठी प्रसिद्ध आहे. मात्र त्यात एका तंबूचीही हकीकत आहे आणि ती वाचताना आम्हाला आमची विभागाची खोली आठवली.

१८६१ मध्ये व्हिम्परने मॅटरहॉर्नवर नेण्यासाठी एक हलका कापडी तंबू बरोबर घेतला होता. पुस्तकासारखा उघडणारा, दोन गिर्यारोहण-काठ्यांवर तोललेला. लंडनमध्ये उभा केला तेव्हा तो फारच देखणा दिसला, असे व्हिम्पर सांगतो. डोंगराच्या खिंडीत मात्र वाऱ्याने त्याची दैना केली. पडदे जागेवर राहिनात, खुंट्या टिकेनात. अखेर तंबू उडून समोरच्या शिखरावर जाण्याच्या बेतात आहे असे पाहून त्याने तो खाली उतरवला, वर बसून दाबून ठेवला, आणि रात्री तोच अंगाभोवती गुंडाळून घेतला. तंबू बाद झाला आणि पांघरूण म्हणून उपयोगी पडला.

या फजितीतून व्हिम्परने जे शिकून घेतले ते तंबूच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्याचा पुढचा तंबू ॲश लाकडाच्या चार खांबांवर उभा राहत असे. दोन्ही टोकांना दोन-दोन खांबांची कैची. जमिनीवरचे जलरोधक कापड त्याने भिंतींना शिवून टाकले, म्हणजे वाऱ्याला खालून शिरायला वाट उरली नाही. तळ सुमारे सहा फूट चौरस, माणसे चार. व्हिम्परच्या नावाने ओळखला जाणारा हा तंबू पुढे कित्येक दशके गिर्यारोहणाच्या मोहिमांत वापरात राहिला. आजच्या स्वस्त तंबूतही तळ भिंतीला शिवलेला असतो तो त्याच धड्यामुळे.

या तंबूचे वजन सुमारे २३ पौंड, म्हणजे साडेदहा किलो होते. व्हिम्परला ते सोयीचे वाटत होते. परंतु तो तंबू वाहत असे ल्युक मेने. इटलीच्या बाजूच्या ब्रॉय गावचा हा कुबडा मनुष्य व्हिम्परचा तंबूवाहक होता. ज्या पाठीवर निसर्गाने आधीच एक ओझे दिले होते, त्याच पाठीवर युरोपातील तो 'हलका' तंबू चढत होता. व्हिम्परने मेनेविषयी आपुलकीने लिहिले आहे. त्याच्या निष्ठेची, आनंदी वृत्तीची वाखाणणी केली आहे. तंबूत दाराजवळची सर्वांत वाईट जागा मेने मुकाट्याने घेत असे, हेही त्याने नोंदवले आहे. या तंबूची खरी परीक्षा कोणी केली असेल, तर ती दाराजवळ झोपणाऱ्या माणसाने. पण तंबूला नाव व्हिम्परचे मिळाले.

हिंदुस्थानातील छावण्यांविषयीही हेच म्हणता येईल. शामियाना, डेरा, तंबू, राहुटी, पाल ही शब्दांची उतरंड म्हणजे एक सामाजिक उतरंडच आहे. 'पाल' हा तिच्यातील अगदी खालचा : दोन हलके खांब, उतरत्या बाजू, भिंती नाहीत. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात त्याची नोंद झाली. त्याच कोशात 'खलाशी' हा शब्दही भेटतो. आपण तो शब्द जहाजावरच्या माणसासाठी वापरतो. त्या काळच्या छावणीत मात्र तंबू ठोकणाऱ्यालाही खलाशी म्हणत. तंबू किती वेळात उभा राहतो, हा आजच्या प्रत्येक तंबूपरीक्षणातील पहिला प्रश्न असतो. ज्याच्या पदरी खलाशी होते त्याला तो कधी पडलाच नसेल.

आता स्लीपिंग बॅगेकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तिची पहिली सविस्तर भेट बहुधा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या 'ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेव्हेन' (१८७९) या पुस्तकात होते. १८७८ च्या शरद ऋतूत स्टीव्हन्सन दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ मुलखातून बारा दिवस पायी हिंडला. अंतर सुमारे १२० मैल. निघण्यापूर्वी त्याने तंबूचा विचार करून तो सोडून दिला. तंबू ठोकणे कटकटीचे, पुन्हा मोडणे कटकटीचे, आणि सामानात तो लपत नाही. उघड्यावर मुक्काम करणारा वाटसरू लोकांच्या डोळ्यांवर येता कामा नये. म्हणून त्याने एक झोपायची पिशवी शिवून घेतली. बाहेरून हिरवे जलरोधक गाडीकापड, आतून निळी मेंढीची लोकर, जवळजवळ सहा फूट चौरस. दिवसा सामानाची थैली, रात्री बिछाना. वस्तूची निवड करताना पर्यायांची तुलना कशी मांडावी, याचा तो उतारा आजही नमुना ठरावा.

मात्र ही पिशवी पाठीवर घेऊन चालणे स्टीव्हन्सनला शक्य नव्हते. तो प्रकृतीने नाजूक होता आणि पिशवी जड होती. तिच्यासाठी त्याने पासष्ट फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला देऊन मोदेस्तीन नावाची गाढवीण विकत घेतली. पुस्तकातील विनोद बहुतांशी या गाढविणीच्या आडमुठेपणावर उभा आहे. परंतु प्रवासात स्टीव्हन्सनला तिच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला सोललेल्या जखमा दिसतात आणि विनोदाचा रंग पालटतो. प्रवासाच्या अखेरीस त्याने तिला पस्तीस फ्रँकांना विकले आणि नंतर तिच्या आठवणीने तो हळहळला. आम्ही हे पुस्तक वर्गात अनेकदा शिकवले. पण ही गाढवीण पिशवीच्या वजनामुळे कथेत आली आहे, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. पिशवी दोन किलोची असती तर ते पुस्तक निराळे झाले असते.

दुसऱ्याची पाठ वगळून तंबूचा विचार करणाऱ्यांत थॉमस हायरम होल्डिंग याचे नाव घ्यावे लागते. हा व्यवसायाने शिंपी. लहानपणी, १८५३ मध्ये, आईवडिलांबरोबर अमेरिकेतील गवताळ प्रदेशातून गाड्यांच्या तांड्याबरोबर त्याने प्रवास केला होता. पुढे इंग्लंडमध्ये सायकलवर बिऱ्हाड लादून तो आयर्लंडात हिंडला आणि त्याविषयी १८९८ मध्ये पुस्तक लिहिले. १९०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकलवरून मुक्कामी जाणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १९०८ मध्ये त्याचे 'द कॅम्पर्स हँडबुक' निघाले. सायकलवाल्याजवळ हमाल नाही, गाढव नाही. चढावर प्रत्येक औंसाचा हिशेब त्याच्या स्वतःच्या पोटऱ्यांना द्यावा लागतो. त्यात होल्डिंग शिंपी असल्याने कापडाचा कस, शिवणीची जागा आणि कापणीतली काटकसर त्याला ठाऊक होती. त्याने रेशमी कापडाचे, घडी करून सहज नेता येतील असे तंबू केले. आपल्याकडे 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हणतात. प्रवाशाचे बिऱ्हाड जेव्हा खरोखर त्याच्याच पाठीवर आले, तेव्हा ते हलके होऊ लागले. यात शोधक बुद्धीचा वाटा आहेच, पण दुखणाऱ्या खांद्याचाही आहे.

२. देह

वजनाचा प्रश्न तराजूवर सुटतो. उबेचा प्रश्न तसा सुटत नाही, कारण स्लीपिंग बॅग स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ती देहाची ऊब धरून ठेवते. देह जितकी ऊब देईल त्यातूनच ती राखणार. म्हणजे स्लीपिंग बॅगेची परीक्षा ही निम्मी देहाची परीक्षा असते.

या दृष्टीने इतिहासातील सर्वांत कठोर परीक्षा १९११ मध्ये अंटार्क्टिकावर झाली. कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतील तिघे जण, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि अ‍ॅप्सली चेरी-गॅरार्ड, २७ जून रोजी सम्राट पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझिअरकडे निघाले. तिथला तो भर हिवाळा, दिवसरात्र अंधार. ते १ ऑगस्टला परतले. या पाच आठवड्यांत एकदा तापमान उणे ७७.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ६१ अंश सेल्सियसपर्यंत उतरले. चेरी-गॅरार्डने या प्रवासाचे वर्णन 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' (१९२२) या पुस्तकात केले आहे.

त्यांच्या स्लीपिंग बॅगा रेनडिअरच्या कातड्याच्या होत्या. त्या काळी याहून उबदार काही मिळणे कठीण होते. तरीही त्या निकामी होत गेल्या, आणि त्यांचा शत्रू बाहेरची थंडी एवढाच नव्हता. तिघांचा घाम आणि श्वासातली वाफ बॅगेत शिरून गोठत होती. रोज रात्री थोडे बर्फ देहाच्या उबेने वितळे, सकाळी पुन्हा गोठे, आणि त्यात त्या रात्रीची भर पडे. बॅगा दगडासारख्या कडक होत; रात्री आत शिरण्यासाठी त्या इंचाइंचाने मऊ करीत जावे लागे. परतले तेव्हा साचलेल्या बर्फाने त्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले होते.

हे वाचताना आम्हाला हरिश्चंद्रगडावरची पहाट आठवली. आमचे तंबू गळत नव्हते. ते ओले झाले होते ते आमच्याच श्वासांनी. स्वस्त तंबूत बहुधा कापडाचा एकच पापुद्रा असतो आणि वारा खेळायला झरोके अपुरे असतात. थंडीच्या भीतीने आम्ही होते तेही झरोके गच्च बंद केले होते. तिघांचा रात्रभराचा श्वास थंड कापडावर जमून थेंबाथेंबाने अंगावर पडला. तंबूवर छापलेला जलरोधकतेचा आकडा, म्हणजे पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ ते कापड पेलू शकते याचे मोजमाप, बाहेरच्या पावसाविषयी सांगतो. आतल्या माणसांविषयी तो काही सांगत नाही.

केप क्रोझिअरच्या प्रवासातील आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडते. तिघेही एकाच तंबूत, एकाच थंडीत, एकाच प्रकारच्या बॅगांत झोपत होते. तरी बॉवर्स घोरत असे आणि चेरी-गॅरार्डला रात्रभर हुडहुडी भरत असे. त्याची बॅग त्याच्या अंगाला मोठी पडत होती. आत जितकी मोकळी जागा, तितकी ती देहाला तापवावी लागते. तिघे आहाराचाही प्रयोग करीत होते : एकाने लोण्यावर भर द्यायचा, एकाने पेमिकन या वाळवलेल्या मांसाच्या मिश्रणावर, एकाने बिस्किटांवर. बिस्किटांवर चेरी-गॅरार्ड होता आणि त्याला स्निग्ध पदार्थाची वाण भासू लागली. अखेर बॉवर्सने बॅगेत घालायचे आपले न वापरलेले पिसांचे अस्तर त्याला आग्रहाने देऊ केले. ते स्वीकारताना आपल्याला किती अपराधी वाटले, हे चेरी-गॅरार्डने लपवलेले नाही. त्या बॅगेवर एखादा आकडा छापलेला असता, तर तो या तिघांपैकी कोणाला लागू झाला असता?

हा प्रश्न शास्त्राने हाती घेतला तो युद्धाच्या गरजेतून. १९४१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कपड्यांच्या उबदारपणासाठी 'क्लो' हे एकक सुचवले. २१ अंश सेल्सियसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटण्यासाठी जितके आवरण लागते, ते एक क्लो. म्हणजे साधारणपणे एक सूट. या एककाची व्याख्याच मुळी बंद खोलीत सूट घालून बसलेल्या माणसावर आधारलेली आहे, याची नोंद घेण्यासारखी आहे. युद्धकाळातच माणसाच्या आकाराचे, आतून तापवता येणारे धातूचे पुतळे तयार झाले. पुतळ्याला थंड खोलीत ठेवावे, त्याचा पृष्ठभाग ठरावीक तापमानावर राखण्यासाठी किती वीज लागते ते मोजावे, आणि त्यावरून आवरणाचा कस काढावा, ही ती पद्धत. पुतळा कुडकुडत नाही आणि भिडेखातर खोटे बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तरीही पुढे कित्येक वर्षे बाजारातील स्लीपिंग बॅगांवर प्रत्येक उत्पादक आपल्या मताने तापमान छापत राहिला. युरोपात २००२ मध्ये 'ईएन १३५३७' हे मानक प्रसिद्ध झाले तेव्हा या आकड्यांना प्रथम समान अर्थ आला. २०१६ मध्ये त्याची जागा 'आयएसओ २३५३७' या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या मानकानुसार तापवलेला पुतळा स्लीपिंग बॅगेत घालून मापे घेतात आणि त्यांवरून निरनिराळी तापमाने काढतात. पहिले सुखकर तापमान : एक प्रमाण स्त्री सैल अंगाने झोपली असता तिला थंडी वाजणार नाही असे. दुसरे मर्यादेचे : एक प्रमाण पुरुष अंग आखडून झोपला असता कसाबसा तग धरील असे. तिसरे अंतिम : प्रमाण स्त्री सहा तास गारठ्याने मरणार नाही, एवढीच ज्यात हमी आहे असे. ही प्रमाण स्त्री पंचवीस वर्षांची, १६० सेंटिमीटर उंच, साठ किलो वजनाची. प्रमाण पुरुष त्याच वयाचा, १७३ सेंटिमीटर, ७३ किलो.

हे वाचले तेव्हा आम्ही आमच्या बॅगेवरचा आकडा पुन्हा पाहिला. तो नुसताच 'पाच अंश' होता. सुखाचा, मर्यादेचा की मृत्यू टळण्याचा, हे त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. आणि तो सुखाचा आहे असे धरले, तरी आमची विद्यार्थिनी साठ किलोंची नव्हती. पंचेचाळीस किलोंच्या आसपास असेल. दिवसभर चढण चढून ती थकलेली होती आणि लाजेने पोटभर जेवलीही नव्हती. बॅगेखाली अंथरायला आम्ही काही दिले नव्हते. अंगाच्या भाराने खालचे भरण दबले, की त्यातली हवा निघून जाते आणि जमीन थेट देहाची ऊब ओढू लागते. मानकातल्या पुतळ्याखालीसुद्धा चटई असते. आम्ही ती अनावश्यक खर्च म्हणून यादीतून कापली होती.

३. खिसा

स्वस्त स्लीपिंग बॅगेचा इतिहास महागड्या बॅगेपेक्षा फारसा अलीकडचा नाही. वेल्समधील न्यूटाउन गावचा कापडव्यापारी प्राइस प्राइस-जोन्स हा टपालाने माल पाठवण्याच्या धंद्याचा एक आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याने १८७६ मध्ये 'युक्लिशिया रग' नावाच्या वस्तूचे एकस्व घेतले. लोकरीचे घोंगडे, अंगाभोवती दुमडून घेता येईल असे, आणि डोक्याच्या बाजूला हवा भरायची रबरी उशी. रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन सैन्यासाठी त्याला साठ हजार नगांची मागणी मिळाली. पण १८७७ च्या अखेरीस प्लेव्हना पडले, उरलेली मागणी रद्द झाली, आणि सतरा हजार नग अंगावर पडले, अशी हकीकत सांगितली जाते. तेव्हा त्याने हाच माल स्वस्त बिछाना म्हणून, गोरगरिबांत काम करणाऱ्या संस्थांना उपयोगी अशी जाहिरात करून खपवला. सैनिकासाठी शिवलेली वस्तू युद्ध संपताच गरिबाची झाली.

ही गोष्ट पुढे फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली आणि लगेच आलेल्या महायुद्धात ते कापड पॅराशूट-तंबूंकडे वळले. युद्ध संपल्यावर लष्कराचे शिल्लक सामान, पिसांच्या स्लीपिंग बॅगा, छोटे तंबू, पाठपिशव्या, अमेरिका आणि युरोपातील दुकानांत पडत्या भावाने आले. युद्धानंतरच्या पिढीत सामान्य मिळकतीचा माणूसही पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडू लागला, त्यामागे या शिलकी मालाचा हातभार होता. पुढे कृत्रिम धाग्यांचे भरण आले. ते पिसांहून जड आणि बोजड, पण ओले झाले तरी बरीचशी ऊब राखणारे आणि मुख्य म्हणजे स्वस्त. आजही निवड या तिढ्यातच अडकलेली असते : हलके, टिकाऊ आणि स्वस्त यांपैकी दोन मिळतात, तिसऱ्याची किंमत मोजावी लागते.

या सगळ्या हिशेबाला छेद देणारी एक व्यक्ती या इतिहासात आहे. एम्मा गेटवूड ही अमेरिकेतील ओहायो राज्यातील शेतकरी बाई. अकरा मुलांची आई. नवऱ्याचा अमानुष मार सोसून अखेर त्याच्यापासून वेगळी झालेली. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, जॉर्जियापासून मेनपर्यंतची दोन हजारांहून अधिक मैलांची अ‍ॅपलेचियन ट्रेल तिने एकटीने, एका हंगामात पायी पूर्ण केली. असे करणारी ती पहिली स्त्री. तिच्याजवळ तंबू नव्हता, स्लीपिंग बॅगही नव्हती. घरी शिवलेली एक जाड्या कापडाची झोळी, एक घोंगडे, एक रेनकोट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा, आणि पायांत साधे कापडी बूट. पुढे १९५७ मध्ये तिने तीच वाट पुन्हा एकदा सलग चालून दाखवली.

गेटवूडबाईंची गोष्ट सांगून कोणी असे म्हणेल, की मग तंबू आणि बॅगा हव्यात कशाला? विभागाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने तसे म्हटलेही. आमचे मेंढपाळ एका घोंगडीवर पावसाळे काढतात, असा त्याला जोडही दिला. आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. घोंगडीवर रात्र काढणाऱ्याला ती घोंगडी, तो माळ आणि ती थंडी वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते. गेटवूडबाईंनीही १९५४ मध्ये एक प्रयत्न करून पाहिला होता आणि त्यात वाट चुकून त्यांना घरी परतावे लागले होते. त्यांचे हलके ओझे हे त्यांच्या स्वतःच्या देहावर, स्वतःच्या जबाबदारीवर केलेल्या परीक्षेचे फळ होते. दुसऱ्याला कमी सामान देऊन 'सोसायला शीक' असे सांगणे, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. काटकसर स्वतःच्या देहावर केली तर ते व्रत होईल. विद्यार्थ्यांच्या देहावर केली तर तो निष्काळजीपणा होतो, आणि तो आमच्या हातून झाला होता.

स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना महागडी बॅग परवडणार नाही आणि म्हणून त्यांनी गडावर जाऊ नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु महाग वस्तूच्या परीक्षेचा खर्च तिच्या किमतीत धरलेला असतो. स्वस्त वस्तूची परीक्षा मात्र अनेकदा घेणाऱ्यावर, आणि घेणाऱ्यांपैकीही सर्वांत दुबळ्यावर सोपवलेली असते. ल्युक मेनेची दाराजवळची जागा कोणाला तरी मिळतेच. ती कोणाला मिळते आहे, हे निदान माहीत असावे.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्ही वर्गात रोज एकच गोष्ट सांगतो : विधान वाचताना ते कोणी केले, कोणासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले, हे विचारा. पिशवीवरचा आकडा हेही एक विधानच होते. ते आम्ही कसलाही प्रश्न न करता वाचले, आणि आमच्या विद्यार्थिनीने नीट वाचले.

त्या सहलीनंतर विभागाने नवे तंबू घेतले नाहीत. तेवढे पैसे नव्हतेच. बॅगांखाली घालायला फोमच्या चटया तेवढ्या घेतल्या. तंबूचे झरोके आता थंडीतही उघडे ठेवतो. घरून घोंगडी, गोधडी, लोकरीची टोपी आणायला सांगतो आणि रात्रीचे जेवण सगळ्यांनी पोटभर केले की नाही ते पाहतो. सहलीआधी महिनाभर, नोव्हेंबरात, चार-पाच जण डोंगरावर एक रात्र काढून सामान तपासून येतात. त्या गटात थंडी लवकर बाधणारा निदान एक जण असलाच पाहिजे आणि शेवटचा शब्द त्याचा किंवा तिचा, असा नियम केला आहे. विभागाच्या कपाटात यासाठी एक वही ठेवली आहे. बॅगेचा क्रमांक, रात्रीचे तापमान, झोपणाऱ्याची उंची आणि वजन, अंगावर आणखी काय होते आणि झोप लागली की नाही, एवढे रकाने. तिच्यातली पहिली नोंद त्याच विद्यार्थिनीच्या हातची आहे. शेवटच्या रकान्यात तिने लिहिले आहे : "नाही."